पाठीमागच्या खोलींतील बिनतारी

कळव्यास, ठाण्याची खाडी आणि पारसिकचा डोंगर यांच्यामधील चिंचोळ्या पट्ट्यांत, ज्या इमारती दाटीनें उभ्या आहेत, त्यांतील पुष्कळ बिऱ्हाडें एकाच ठशाचीं असतात. दाराशीं दिवाणखाना, मग स्वयंपाकघर व न्हाणीघर, आणि सर्वांच्या पाठीमागें निजावयाची खोली. इंटरनेटची कांचतंतूची तार जिन्यांतून वर येते ती दिवाणखान्यांतच थांबते, आणि राउटर नांवाची पेटी तेथेंच भिंतीवर टांगली जाते. मुलांचें खेळाचें यंत्र, ज्याला तीं 'कन्सोल' म्हणतात, तें मात्र पाठीमागच्या खोलींत असतें. अंतर उणेंपुरें ३० फूट. तरीहि सामना ऐन रंगांत आला असतां चित्र गोठतें. हरलेला मुलगा यंत्रावर चिडतो, वडील मुलावर. पुढें अधिक वेगाची व अधिक भाड्याची जोडणी घेतली जाते. पैसे जातात, चित्र गोठावयाचें तें गोठतेंच.

२०२० सालीं शाळा घरांत आल्या तेव्हां अशाच खोल्यांतून अनेक मुलांचे तास मध्येंच तुटले. म्हणून हा प्रश्न केवळ खेळाचा आहे असें समजून हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं.

प्रथम लहरीची लांबी ध्यानांत घेतली पाहिजे. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. नभोवाणीच्या मध्यम लहरींची लांबी शेंकडों मीटर असते, आणि असली लहर डोंगराला वळसा घालून पलीकडच्या गांवांत उतरते. घरांतील बिनतारीची लहर अगदीं निराळी. तिच्या दोन जाती विशेष प्रचारांत आहेत. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरहि नाहीं. ५ गिगाहर्ट्झची तर पांच-सहा सेंटिमीटरच. दुसरीच्या पट्ट्यांत मोकळी जागा अधिक, त्यामुळें ती माहिती पुष्कळ वाहते. पण भिंतीपुढें ती लवकर थकते. विटांच्या भिंतींतून दोन्ही लहरी थोडें बळ गमावून पार होतात. काँक्रीटच्या खांबांत लोखंडी सळया असतात, आणि धातु लहरीला परतवून लावतो. न्हाणीघरावरच्या माळ्यावर पाण्याची टाकी असते, तें पाणी लहर शोषून घेतें. लोखंडी कपाट आणि मोठा आरसा हेहि याच मंडळींतले.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. सहा इंचांची भिंत समोरून ओलांडली तर ती सहा इंचांचीच असते. पण तिच्या अंगाअंगानें तिरप्या जाणाऱ्या लहरीला तीच दोन-अडीच फूट जाड पडते. राउटर हातभर बाजूला सरकवितांच कधीं कधीं जो चमत्कार घडतो, त्याचें रहस्य हेंच.

राउटरला शिंगें जितकीं अधिक तितकी त्याची पोंच लांब, अशी एक समजूत बाजारानें पसरविली आहे. परंतु बिनतारी म्हणजे व्याख्यान नव्हे, संभाषण आहे. राउटरचा आवाज खोलींत पोंचला तरी कन्सोलचा क्षीण आवाज परत दिवाणखान्यांत पोंचावयास हवा. शिवाय आवाज वाटेल तितका चढवितांहि येत नाहीं. भारत सरकारनें २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ सालीं परवान्यावांचून वापरण्यास मोकळा केला, २०१८ सालीं ५ गिगाहर्ट्झची जागा वाढवून दिली. पण शक्तीला मर्यादा ठेविली. ती योग्यच आहे. २.४ च्या पट्ट्यांत एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच, १, ६ आणि ११. आणि एका जिन्यावर बिऱ्हाडें वीस. सर्वांनींच कर्णे चढविले तर कोणालाच कांहीं ऐकूं येणार नाहीं.

चित्रपट सुरळीत चालतो व खेळच कां अडतो, असा प्रश्न येथें निघतो. चित्रपटाचा पुढील भाग यंत्र आधींच सांठवून ठेवतें. खेळांत पुढील क्षण अजून घडलेलाच नसतो, त्यामुळें सांठवणार काय? येथें वेगापेक्षां विलंब महत्त्वाचा. सामना चालविणारें यंत्र सिंगापुरास आहे असें धरा. मुंबईपासून तें सरळ रेषेंत सुमारें ३,९०० किलोमीटर. कांचतंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें २ लक्ष किलोमीटर धांवतो. म्हणजे जाऊन येण्यास सेकंदाचा पंचविसावा भाग. प्रत्यक्षांत थोडें अधिक. समुद्राखालून इतका प्रवास करून आलेला संदेश कळव्याच्या घरांत शेवटच्या ३० फुटांत हरवतो, पुन्हां पाठवावा लागतो, आणि तेवढ्यांत सामना हातचा जातो.

उपायांत पहिला बिनपैशाचा: पेटी टीव्हीच्या मागून व कपाटांतून बाहेर काढून उंचावर, शक्य तों घराच्या मध्यावर ठेवणें. दुसरा रिपीटरचा. तो बहुधा जेथें लहर पोंचत नाहीं नेमका तेथेंच ठेवतात. हें बहिऱ्याला दुभाषी नेमण्यासारखें झालें. राउटरचें बोलणें त्याला स्वच्छ ऐकूं येईल अशी वाटेवरची जागा त्याला हवी. तरीहि साधा रिपीटर प्रत्येक वाक्य ऐकून त्याच मार्गावर पुन्हां उच्चारतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. 'मेश' नांवाच्या महाग संचांपैकीं कांहींत आपसांतील बोलण्यासाठीं स्वतंत्र पट्टा असतो, ते बरे. विजेच्या वायरिंगमधून संदेश नेणारे प्लग जुन्या घरांत भरंवशाचे नाहींत.

सर्वांत खात्रीचा उपाय मात्र बिनतारीचा नव्हे, तारेचा आहे. कॅट ६ जातीची तार १०० मीटरपर्यंत संदेश बिनतक्रार नेते. तिला खांब, टाकी, शेजारी यांची पर्वा नाहीं. ती दारांच्या चौकटींच्या कडेनें न्यावी. विजेच्या तारांच्या नळींतून कदापि नेऊं नये, त्यांत जिवाला धोका आहे. प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्स सिरीज या यंत्रांना तिच्यासाठीं खांचा आहेत. २०१३ चें मूळ प्लेस्टेशन ४ तर बिनतारीनें केवळ २.४ चा गजबजलेला पट्टाच जाणतें. त्याला तारेवांचून गति नाहीं म्हणावयास हरकत नाहीं. तारेच्या टोंकाला एखादा जुना राउटर जोडला तर खोलींतील फोन व अभ्यासाचा संगणक यांचीहि सोय होते. मात्र घरांतील यंत्रांना पत्ते वांटण्याचें काम दिवाणखान्यांतील राउटरकडेच राहूं द्यावें, दुसऱ्याचें तें काम बंद करावें. एका घरांत दोन कारभारी झाले कीं घोटाळा ठरलेला.

खर्च करण्यापूर्वीं एक संध्याकाळ कन्सोल दिवाणखान्यांत आणून लहानशा तारेनें थेट राउटरला जोडून पाहावें. तेथें खेळ सुरळीत चालला तर दोष भिंतींचा. तेथेंहि चित्र गोठलें तर दोष घराबाहेरचा, आणि तक्रार जोडणी देणाऱ्या कंपनीकडे.