शिरेबाहेर झिरपलेले औषध

वणी-सुरगाण्याकडच्या रुग्णाला सीटी स्कॅनसाठी बहुधा नाशिक गाठावे लागते, आणि तेथे 'रंगाचे इंजेक्शन देणार' एवढेच त्याच्या कानी पडते. तो द्रव शिरेत न जाता भोवतालच्या मांसात झिरपला तर काय होते, हे संमतिपत्रकावर अंगठा उठवण्यापूर्वी त्याला कोणी सांगितलेले असतेच असे नाही.

हा 'रंग' वस्तुतः रंगहीन असतो. त्यातील आयोडीन क्ष-किरणांना अडवते, म्हणून रक्तवाहिन्या चित्रात उजळ उमटतात. यंत्राच्या दाबाने तो सेकंदाला ३ ते ५ मिलिलीटर वेगानेही सोडला जातो, आणि कॅन्युलाचे, म्हणजे शिरेत बसवलेल्या बारीक नळीचे, टोक निसटलेले असेल, किंवा वार्धक्याने अथवा केमोथेरपीने शीर जर्जर झालेली असेल, तर कोणाला वर्दी लागण्यापूर्वीच बराचसा द्रव त्वचेखाली साचतो. हजारी १ ते १२ रुग्णांच्या बाबतीत असे घडते. बहुतेकांची सूज आपोआप ओसरते. परंतु क्वचित स्नायूंच्या बंदिस्त कप्प्यात दाब इतका चढतो की रक्तपुरवठा खुंटतो, आणि मग तातडीने छेद घेऊन तो कप्पा मोकळा करण्यावाचून इलाज उरत नाही.

जुनी द्रव्ये रक्ताच्या कितीतरी पट तीव्र परासरण-दाबाची, म्हणून अधिक दाहक होती. बाल्टिकच्या मचूळ पाण्यात उघडे डोळे चुरचुरत नाहीत, खाऱ्या समुद्रात मात्र चुरचुरतात, हे पोहताना ध्यानी आलेल्या स्वीडनच्या टॉर्स्टन आल्मेन यांनी १९६९ साली सौम्य द्रव्यांची कल्पना मांडली; आज सर्रास वापरली जाणारी द्रव्ये त्याच विचाराची संतती होत.

द्रव आत जाताना सर्वांगात ऊब पसरते, तोंडाला धातूची चव येते, लघवी झाल्याचा भास होतो. हे स्वाभाविक आहे. सुईच्या जागीच आग होणे, हात तटतटणे, हे मात्र स्वाभाविक नव्हे, आणि आयुष्यभर सोसतच आलेल्या आपल्या खेड्यांतील आयाबाया नेमक्या याच क्षणी मुकाट राहतात, याची मला फार काळजी वाटते. त्यांना आधी बजावले पाहिजे की, "आजी, हात दुखला तर लगेच ओरडा." कित्येकदा दुखतही नाही, म्हणून सलाईन सोडून शीर तपासण्याची आणि पहिले काही क्षण हातावर बोट ठेवून पाहण्याची तजवीज तंत्रज्ञाने करावयाची असते.

द्रव झिरपलाच तर यंत्र तत्काळ थांबवून, हात हृदयाच्या पातळीहून उंच ठेवून, थंड पट्टी देऊन रुग्णाला २ ते ४ तास नजरेखाली ठेवतात. बोटे बधिर होणे, फोड येणे, वेदना वाढत जाणे ही लक्षणे मागाहून उद्भवू शकतात, आणि तोवर दिंडोरीमार्गे वणीकडे निघालेला रुग्ण एस.टी.त बसलेला असतो. म्हणून किती द्रव झिरपला, किती वाजता, कोणत्या हातात, याची नोंद त्याच्या कागदावर असावी, म्हणजे रात्री दार ठोठावले गेले तर वणीतल्या डॉक्टरला अंदाजाने चालावे लागणार नाही.