चळवळीचे कागद आणि रुळांवरची कपाटे

१९२९ साली बाबासाहेब धुळ्याहून मुंबईकडे परतताना चाळीसगावी उतरले. स्टेशनवरून वस्तीत नेण्यासाठी टांगा मिळाला, पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला टांगेवाला तयार होईना. शेवटी सराव नसलेल्या आपल्याच एका माणसाने लगाम हाती घेतला. टांगा पुलावरून खाली कोसळला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. खान्देशातील ही घटना आज आपल्याला तपशिलासह ठाऊक आहे, कारण बाबासाहेबांनी ती स्वतः लिहून ठेवली आणि ती हस्तलिखित पाने शिल्लक राहिली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती पुस्तिकारूपाने छापली १९९० मध्ये. म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या अन्यायाचा पुरावा कागद टिकला म्हणूनच समाजासमोर आला.

हे आठवण्याचे कारण असे की, जामनेर तालुक्यातील पहूर येथील काही कार्यकर्त्यांनी आमच्यापुढे एक प्रश्न ठेवला. विहाराच्या वरच्या मजल्यावर ग्रंथालय आहे. पुस्तकांबरोबर जुनी साप्ताहिके, जयंतीची हस्तपत्रके, मोर्चांचे फोटो, निवेदनांच्या प्रती असे बरेच काही साठले आहे. जागा संपली. देणगी जमते आहे. तेव्हा मोठ्या शहरांतील कार्यालयांत असतात तसे कॉम्पॅक्टर, म्हणजे रुळांवर सरकणारी कपाटे, घ्यावीत काय?

प्रश्न वरवर लोखंडी कपाटांचा वाटतो. पण तो तेवढाच नाही. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि त्यांच्या कागदपत्रांसाठी १९२७ सालीच धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. ही गोष्ट कौतुकाचीच आहे, त्यात हेवा नाही. पण बाबासाहेबांच्या कागदांचे काय झाले? महापरिनिर्वाणानंतर त्यांची हस्तलिखिते पेट्यांत बंद राहिली. १९६७ मध्ये दिल्लीच्या २६, अलीपूर रोड येथील घरातले कागद बाहेर टाकले गेले आणि पावसात भिजले, असे त्यांचे सहकारी नानकचंद रत्तू यांनी नमूद केले आहे. शासनाची प्रकाशन समिती आली १९७६ मध्ये आणि वसंत मून यांनी संपादिलेला पहिला खंड निघाला १९७९ मध्ये. तेवीस वर्षे! महामानवाच्या कागदांची ही गत, तर पहूरच्या हस्तपत्रकांची काळजी कोण घेणार? आपणच घेतली पाहिजे.

आता कॉम्पॅक्टर म्हणजे काय ते पाहू. पहूरकरांना समजावणे सोपे आहे. २०२० पर्यंत त्यांच्या गावावरून पाचोरा-जामनेरची छोटी 'पीजे' गाडी अरुंद रुळांवरून धावत होती. इथे कपाटांच्या रांगा तशाच जमिनीत बसवलेल्या रुळांवर चालतात. बाजूचे चाक फिरवले की साखळी आणि दात्यांच्या जोरावर भरलेली रांगही एका हाताने सरकते. साध्या मांडणीत प्रत्येक दोन रांगांमध्ये वाट सोडावी लागते. इथे सगळ्यांसाठी एकच वाट, हवी तिथे उघडायची. त्यामुळे त्याच खोलीत जवळपास दुप्पट साठा मावतो.

पण दुप्पट साठा म्हणजे दुप्पट वजन, आणि खरी मेख इथेच आहे. तीन फुटांची एक फळी पुस्तकांनी भरली की २५ ते ३० किलो होते. सहा फळ्यांचे, दोन्ही बाजूंनी भरलेले एक कपाट ३०० ते ३६० किलोंचे, लोखंड वेगळेच. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून बांधतात, सभागृहाचा ४०० ते ५००. सरकत्या कपाटांसाठी हा आकडा हजार किलो किंवा त्याहून अधिक धरावा लागतो. म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, स्थापत्य अभियंत्याने लेखी दिल्याशिवाय वरच्या मजल्यावर कॉम्पॅक्टर बसवू नका. विक्रेता कपाट विकतो, स्लॅबची हमी देत नाही. विहार समाजाच्या घामाच्या पैशातून उभा राहिला आहे आणि त्याच्या स्लॅबखाली आपलीच लेकरे अभ्यासाला बसतात.

खालच्या मजल्यावर बसवायचे तर वाघूरच्या काठच्या गावाने पुराची पातळी आधी पाहावी. फरशी तंतोतंत सपाट हवी, नाहीतर कपाटे अडतात किंवा आपोआप सरकतात. आत माणूस असताना चाक फिरू नये म्हणून अडसर हवाच. मिटलेल्या रांगांत हवा खेळत नाही, म्हणून पावसाळ्यात बुरशी धरते. ओलसर भिंतीजवळ हा खर्च करूच नये. शिवाय दैनिकांच्या बांधीव फायली पुस्तकांच्या फळीत मावत नाहीत, त्या आडव्याच ठेवाव्या लागतात. तेव्हा फळीची खोली मोजूनच मागणी द्यावी.

याहून गंभीर धोका दुसराच आहे. कॉम्पॅक्टरला कुलूप असते आणि किल्ली कुणाच्या तरी खिशात जाते. ज्या समाजाला हजारो वर्षे ज्ञानापासून दूर ठेवले गेले, त्या समाजाच्या ग्रंथालयात मुलीने पुस्तक मागितले आणि "पदाधिकारी गावाला गेलेत" असे उत्तर मिळाले, तर ती लाजिरवाणी गोष्ट ठरेल. किल्ली दोघातिघांकडे असावी आणि उघडण्याची वेळ दारावर लिहावी.

मग करावे काय? आमच्या मते आधी नोंदवही करावी. प्रत्येक अंक, पत्रक, फोटो कुणाकडून आला, कोणत्या सालचा, कुठला, हे लिहावे. फोटोतील माणसांची नावे म्हातारी मंडळी हयात आहेत तोवर विचारून घ्यावीत. कागदांना टाचण्या, रबर लावू नयेत. दुर्मिळ पानांची स्कॅन प्रत काढून दोन ठिकाणी ठेवावी. पहूरला सध्या साधे, भिंतीला बोल्टने आवळलेले लोखंडी रॅक पुरेसे आहेत. कॉम्पॅक्टर जरूर घ्यावा, पण जिल्ह्यातील विहारांनी मिळून एका भक्कम, कोरड्या, तळमजल्याच्या जागेत घ्यावा आणि गावोगावचे मूळ कागद तिथे सुरक्षित ठेवावेत.

जयंतीच्या कमानीवर, डीजेवर आपण दरवर्षी किती खर्च करतो याचा हिशेब प्रत्येक समितीने एकदा मांडावा. त्यातला थोडा भाग जरी कागदांसाठी काढला, तरी खान्देशातील चळवळीचा इतिहास उद्या इतरांकडे मागण्याची वेळ येणार नाही. कार्यकर्त्यांनी याचा गांभीर्याने विचार करावा. आपल्या घरातील पेटी रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी, एवढी विनंती. जयभीम!