मेलबर्नचे वार्तापत्र : कुंपण आणि पोहणे

मेलबर्न, फेब्रुवारी २०२६

या व्हिक्टोरिया राज्यात ज्याच्या परसात तीस सेंटिमीटरांहून अधिक खोल पाणी मावेल असा पोहण्याचा हौद आहे, त्याने त्याभोवती किमान १.२ मीटर उंचीचे कुंपण घालून त्याला आपोआप मिटणारे व आपोआप कडी बसणारे फाटक लावलेच पाहिजे, असा कायदा आहे. आणि तरीही, लेकरू नीट चालू लागते न लागते तोच त्याला पोहण्याच्या वर्गाला घालण्याचा येथे सार्वत्रिक प्रघात आहे. कुंपणाचा आग्रह सरकारने धरावा आणि पोहणे आईबापांनी शिकवावे, ही विभागणी ध्यानात घेतली म्हणजे मुलांच्या आंतरजालीय सुरक्षिततेविषयी या देशाने जो कायदा केला, त्याचे मर्म आणि त्याची मर्यादा, दोन्ही एकदमच उमगतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये संसदेने संमत केलेला हा कायदा १० डिसेंबर २०२५ पासून अमलात आला. फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब इत्यादी माध्यमांनी सोळा वर्षांखालील मुलांची खाती राहू नयेत यासाठी वाजवी उपाय योजावेत, आणि त्यात कसूर झाल्यास ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड भरावा, अशी त्यात तरतूद आहे. मुलाला अथवा पालकाला मात्र छदामाचाही दंड नाही. आपल्याकडील २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पालकांच्या संमतीला महत्त्वाचे स्थान आहे. येथे आईबापांनी राजीखुशीने परवानगी दिली तरी ती गैरलागू ठरते. प्रथमदर्शनी हा पालकांच्या अधिकारावर घाला वाटतो. परंतु ‘वर्गात सगळ्यांकडे आहे, मग मलाच का नाही?’ या रोजच्या कज्ज्यात एकाकी पडलेल्या आईला सरकारने आपल्या नावावर नकार देण्याची सोय करून दिली, असाही त्याचा अर्थ होतो.

कुंपणाला फटी आहेतच. व्हॉट्सॲपसारखी निरोपाची साधने आणि बरेचसे खेळ या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. मी ज्यांच्याकडे रविवारी जेवायला जातो, त्या मराठी कुटुंबातील चौदा वर्षांच्या चिरंजिवांनी, वय ताडणाऱ्या कॅमेऱ्यापुढे भुवया आक्रसून आपण प्रौढ कसे ठरलो, याचे प्रात्यक्षिक वरणभात कालवता कालवता करून दाखविले. आई आधी हसली आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

अशा फटींतून संकट आत शिरलेच, तर उपयोगी पडते ते सरकारच्या ‘ई-सेफ्टी’ आयुक्तांचे दप्तर. २०१५ मध्ये ते केवळ मुलांसाठी स्थापन झाले आणि २०१७ मध्ये त्याचा अधिकार सर्व नागरिकांपर्यंत विस्तारला. कोणी मुलाचा ऑनलाइन छळ मांडला, तर आधी त्या माध्यमाकडे तक्रार करावी. अठ्ठेचाळीस तासांत मजकूर हटला नाही, तर आयुक्तांकडे दाद मागावी. त्यांची नोटीस निघाल्यावर साधारणतः चोवीस तासांत तो हटविणे कंपनीवर बंधनकारक असते. छळणाऱ्याला ब्लॉक करण्यापूर्वी स्क्रीनशॉट घेऊन पुरावा जतन करावा, आणि खासगी छायाचित्रांच्या धाकाने कोणी पैसे मागितले, तर एक पैसाही देऊ नये व दुसरे छायाचित्रही पाठवू नये, असा या दप्तराचा सल्ला आहे. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची पालकांना दिलेली एक साधी सूचना : मूल काही सांगू लागले की प्रथम त्याचे ऐकून घ्यावे, फोन हिसकावून घेऊ नये. छळणाऱ्याच्या भयापेक्षा फोन जप्त होण्याचे भय ज्या मुलाला मोठे वाटते, ते मूल तोंड उघडत नाही. आणि ज्या संकटाची घरात वार्ताच पोहोचत नाही, त्यावर कोणताही कायदा इलाज करू शकत नाही.

त्याच रविवारी रात्री नऊच्या सुमारास त्या माउलीने ओट्यावरचा पोळ्यांचा जुना स्टीलचा डबा उघडून पुढे केला. त्यात आधी तिने आपला फोन ठेवला, मग यजमानांनी ऑफिसचा निरोप अर्धवट वाचून कुरकुरत आपला ठेवला, आणि चिरंजिवांनी, बापाची कुरकुर पाहून समाधान पावल्यासारखे होऊन, आपला तिसरा ठेवला. झाकण लागल्यानंतर भांडी विसळता विसळता त्याने आईला, ज्या खेळात तो रमतो त्यात कोणी अनोळखी इसम त्याच्या शाळेचे नाव विचारत होता, हे सहज बोलावे तसे सांगितले. आईने नळ बंद केला आणि, कपाळाला आठी न घालता, ‘मग तू काय म्हणालास?’ एवढेच विचारले.

असा कायदा आपल्याकडे येईल तेव्हा येवो. पोळ्यांचा जुना डबा मात्र प्रत्येक मराठी घरात असतो. वाचकांस एवढीच विनंती, की आज रात्री त्यात पहिला फोन आपला ठेवावा.