रात्रीच्या परवान्यास गावाची हरकत

आपल्या वाड्यावर मध्यरात्रीपर्यंत मद्य विकण्याचा व मोठ्या आवाजात संगीत वाजविण्याचा परवाना कोणी मागितला आहे, ही वार्ता गावास बहुधा फार उशिरा कळते. आधी एखाद्या जुन्या घराची डागडुजी सुरू होते, मग अंगणात झावळ्यांचे छप्पर चढते, मग एके दिवशी ट्रकातून माणसाच्या उंचीचे ध्वनिक्षेपक उतरतात. आणि पहिल्याच शनिवारी रात्री पाळण्यातली मुले दचकून रडू लागतात, तेव्हा शेजारी एकमेकांस विचारतात, याला परवानगी दिली कोणी? परवानगी तोवर कोणीतरी देऊन चुकलेला असतो. गोव्याच्या बार्देश व पेडणे या तालुक्यांत किनाऱ्याजवळ राहणाऱ्या आमच्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको. हणजूण-वागातोरच्या रहिवाशांच्या अशा तक्रारी पुन्हा पुन्हा उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेलेल्या आहेत. इतर ठिकाणच्या वाचकांनीही पुढील मजकूर वाचावा, कारण आवाजाविषयीचे नियम साऱ्या देशास एकच आहेत.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. आमच्या ख्रिस्ती गावांना मद्य काही नवे नाही. काजूची फेणी ही तर या भूमीची ओळख; २००९ साली तिला भौगोलिक निर्देशांकाचा मानही मिळाला. गावोगावचे जुने तावेर्न आम्ही सर्वांनी पाहिलेले आहे. तेथे मालक ओळखीचा, गिऱ्हाईक ओळखीचे, आणि कोणी मर्यादेबाहेर प्याला तर त्याच्या घरी निरोप धाडणारेही कोणी ना कोणी असे. त्या तावेर्नाने घरे बुडविली नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये, पुष्कळ बुडविली. तरीही साऱ्या वाड्याची झोप मोडण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी नव्हते. आज ज्याला विरोध होत आहे तो धंदा निराळ्या जातीचा आहे. त्याचा चालक बहुधा दूरच्या शहरात राहतो, गिऱ्हाईक एका रात्रीपुरते येते, आणि रात्र जितकी चढेल तितका त्याचा गल्ला भरतो.

आता आवाजाविषयी थोडे. डेसिबल हे आवाज मोजण्याचे माप साध्या गजासारखे नाही. ४५ वरून ५५ वर काटा गेला की दहाच वाढले असे वाटते. प्रत्यक्षात ध्वनीची ऊर्जा दहापट झालेली असते. ४५ वरून ७५ म्हणजे हजारपट. वस्तीच्या भागात दिवसा ५५ व रात्री ४५ ही मर्यादा नियमांत घातलेली आहे, आणि निजावयाच्या खोलीत ३० च्या वर आवाज नसावा असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सुचविलेले आहे. उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले म्हणजे आवाज सुमारे सहा डेसिबलांनी उतरतो, यास्तव “आमचे ठिकाण वस्तीपासून लांब आहे” या म्हणण्यात दिवसा थोडे तथ्य असते. रात्रीची गोष्ट वेगळी. सूर्य मावळला की जमीन निवते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेहून थंड होते, आणि वर जाणारा ध्वनी वाकून पुन्हा खाली येतो. शेतापलीकडचे बोलणे रात्री कानाशी आल्यासारखे वाटते त्याचे कारण हेच. ज्याने परवान्यापूर्वी भर दुपारी येऊन जागा पाहिली, त्या अधिकाऱ्यास हा अनुभव कसा यावा?

आणखी एक बाब ध्यानी घ्यावी. ढोलासारखे जे खालच्या सुरांचे ठोके असतात ते भिंतीतून सहज आरपार जातात, खिडकीच्या काचा थरथरवितात व छातीत धडधडतात. मोजणीचे नेहमीचे यंत्र मात्र मनुष्याच्या कानाच्या धर्मास अनुसरून खालच्या सुरांस कमी लेखते. त्यामुळे यंत्रावरचा आकडा सौम्य दिसतो आणि घरातला वृद्ध रुग्ण रात्रभर बसून असतो. मोजणी होणार असेल तर ती फाटकापाशी उरकू न देता आपल्या घराच्या खिडकीशी करण्याचा आग्रह धरावा.

कायदा काय म्हणतो? पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. त्याखाली ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातून पंधरा दिवसांपेक्षा अधिक नव्हेत इतक्याच सणासमारंभांच्या दिवशी राज्य सरकार ही वेळ मध्यरात्री बारापर्यंत वाढवू शकते. रोजच्या धंद्यासाठी ती सवलत नाही. दिवसादेखील ध्वनिक्षेपकास लेखी परवानगी लागते. ती देणारा अधिकारी निराळा व मद्याचा परवाना देणारे अबकारी खाते निराळे. मद्याचा परवाना भिंतीवर टांगला म्हणजे संगीताचाही मिळाला, असा समज मालक मुद्दाम करून देतात आणि भोळी माणसे तो मानतात. बंद सभागृहात आतल्या आत आवाज राहील अशा ठिकाणास नियमांत मोकळीक आहे. परंतु तीन बाजूंनी उघड्या असलेल्या झावळ्यांच्या मांडवास बंद सभागृह म्हणावयाचे असेल तर आमचे खळेदेखील सभागृहच म्हणावे लागेल! आणि हे विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे: रात्रीच्या बंदीचा भंग झाला असेल तर डेसिबलांची मोजणी झाल्यावाचूनही तक्रार करण्याचा अधिकार नियमांनी रहिवाशास दिलेला आहे.

या विषयावर सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी जो विस्तृत निकाल दिला, त्याच्या मुळाशी एक हृदयद्रावक घटना होती. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला, आणि शेजारच्या कर्कश संगीतात तिच्या हाका कोणास ऐकू गेल्या नाहीत, अशी बातमी वाचून एका गृहस्थाने न्यायालयाकडे धाव घेतली होती. झोपेचा प्रश्न हा चैनीचा प्रश्न आहे असे ज्यांस वाटते त्यांनी याचा विचार करावा.

तथापि आमच्या वाचकांस न रुचणारी एक गोष्टही येथे लिहिणे प्राप्त आहे. ३० ऑगस्ट २००० रोजी त्याच न्यायालयाने मद्रासच्या एका प्रकरणात निकाल दिला. तेथे तक्रार करणारे वसाहतीचे रहिवासी होते आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती ते ख्रिस्ती प्रार्थनामंदिर होते. शेजाऱ्यांची शांतता मोडून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, या आशयाचा निर्णय झाला व मंदिरास ध्वनिक्षेपकाचा आवाज आवरावा लागला. आता आपल्या फेस्ताकडे पाहा, लग्नाकडे पाहा. वधूवर दमून जातात, वडीलधारी मंडळी घरी परततात, तरी रात्री एक वाजेपर्यंत डीजेचा धिंगाणा चालू राहतो. आणि ज्या घरी हे चालते त्याच घरची सही सोमवारी नाइटक्लबविरुद्धच्या अर्जावर असते. परवाना मागणाऱ्याचा वकील हे बरोबर हेरतो. गावाच्या हरकतीस वजन यावे असे वाटत असेल तर गावानेच आपले ध्वनिक्षेपक दहाच्या ठोक्यास बंद करावेत. आमच्या धर्मग्रामात लग्नाची तारीख नोंदविण्यास येणाऱ्यांस आम्ही हे सांगतो. सर्वांस आवडते असे नाही.

खरी अडचण गावाच्या आतच असते. घर भाड्याने देणारा आपल्याच वाड्यावरचा, कधी सख्खा भाऊ. मद्याचा परवाना स्थानिकाच्या नावावर आणि धंदा दुसऱ्याचा, हा प्रकारही नवलाचा राहिलेला नाही. आखातातून अगर बोटीवरून परत आलेल्या मुलास काम नाही, घराचे छप्पर गळते आहे, अशा वेळी महिन्याला येणारे भाडे नाकारावयास सांगणे सोपे नाही, आणि जो हे सहज सांगतो त्याने त्या घरात एकदा जाऊन यावे. म्हणून भांडण माणसाशी न करता अटींपुरते ठेवावे. खाणावळ चालू दे, खोल्या भाड्याने जाऊ देत, दहापर्यंत गाणेही होऊ दे. त्याच वाड्यावर खोल्या भाड्याने देणाऱ्या विधवेकडे जो पाहुणा उतरतो त्यालाही रात्री निजावयाचेच असते, हेही मालकाच्या कानी घालावे.

हरकत घ्यावयाची ती वेळेवर. ग्रामपंचायतीच्या ना हरकत दाखल्यासाठी अर्ज येतो तो क्षण महत्त्वाचा. यास्तव घरातील निदान एकाने तरी ग्रामसभेस जाणे चुकवू नये. तेथे बायकांनी मागे बसून राहू नये. तोंडी बोललेले इतिवृत्तात उतरले की नाही ते पाहावे. लेखी हरकतीत घरांचे अंतर, शाळा, आजारी व वृद्ध माणसे, रस्त्याची रुंदी, वाहने उभी करण्याची जागा हे सर्व मोजून लिहावे. “संस्कृती बुडते” एवढेच लिहून काही साधत नाही. शाळा व पूजास्थाने यांपासून १०० मीटरांच्या आत मद्याचा परवाना देऊ नये असा नियम गोव्यात आहे, मात्र पर्यटनाच्या नावाखाली तो शिथिलही करता येतो. अंतर मोजून ठेवावे ते यासाठीच. परवाना आधीच दिला गेला असेल तर माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली त्याच्या अटींची प्रत मागवावी. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. रात्री ११२ क्रमांकावर तक्रार केली तर तारीख व वेळ वहीत टिपून ठेवावी. सहा महिन्यांची अशी वही न्यायालयात दहा भाषणांपेक्षा अधिक बोलते.

शेजारच्या महाराष्ट्रात याहून पुढची सोय आहे. तेथे २००८ च्या आदेशानुसार गावातील अगर प्रभागातील पंचवीस टक्के स्त्रीमतदारांनी मागणी केली म्हणजे मद्याच्या दुकानाविषयी मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली व आडवी बाटली. एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस पडली तर दुकान बंद होते. कित्येक गावांतील स्त्रियांनी ती बाटली खरोखरच आडवी करून दाखविलेली आहे.

आता एका अशा कलमाविषयी, जे लिहावयाचे गावकरी सहसा विसरतात. २०२५ च्या ६ डिसेंबरच्या रात्री बार्देशातील हडफडे येथे एका नाइटक्लबात आग लागली आणि २५ माणसे मृत्यू पावली. त्यांतील बहुतेक तेथील नोकर होते. झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळ येथून पोटासाठी आलेले. पुष्कळ जण तळघरातील स्वयंपाकघराच्या बाजूस धुराने गुदमरले. त्या बांधकामास पाडण्याची नोटीस पंचायतीने पूर्वीच दिली होती व तिला वरून स्थगिती मिळाली होती, असे नंतर उघड झाले. तेव्हा आपल्या हरकतीत बाहेर पडावयाच्या वाटा किती, त्यांची रुंदी किती, अग्निशमन दलाचा दाखला आहे काय, अग्निशमनाचा बंब त्या गल्लीत वळतो काय, आणि रात्री भांडी घासणारी मुले निजतात कोठे, हेही प्रश्न घालावेत व त्यांची लेखी उत्तरे मागावीत. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एकीवर पोच म्हणून शिक्का मारून घ्यावा.