जुन्या कागदात ‘कुणबीण’ लिहिलेय? मग पणजीचा शोध असा घ्या

सोलापूर : कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. या कागदांत एक शब्द मात्र जपून वाचायला हवा : ‘कुणबीण’. कुणब्याची बायको हा त्याचा सरळ अर्थ. पण पेशवाईच्या हिशेबात तो अनेकदा दासीसाठी, म्हणजे गुलाम बाईसाठी येतो.

कोण होत्या या? दुष्काळात पोटासाठी विकलेल्या मुली, ‘बदकर्मा’चा ठपका ठेवून सरकारने ताब्यात घेतलेल्या बायका. किल्ले, कोठ्या, पागा, सरदारांचे वाडे इथे त्या राबत. त्यांची खरेदी-विक्री होई. कागदात आडनाव नाही, बहुधा बापाचेही नाव नाही. नुसते ‘अमुक कुणबीण’, किंमत आणि धनी.

मग वंशावळ लावायची कशी? आजपासून मागे जात. १८४३च्या कायद्याने कंपनीच्या मुलखातील कोर्टांनी गुलामावरचा मालकी हक्क मानणे बंद केले. १ जानेवारी १८६२पासून लागू झालेल्या दंडसंहितेने गुलामांची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. त्यामुळे पुढच्या पिढ्या चारचौघांसारख्या नोंदीत सापडू शकतात : तहसीलमधले कोतवाल बुक (गाव नमुना १४), शाळेचे जनरल रजिस्टर. त्यातून गाव कळले, की पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्या पाहाव्यात, हेळव्यांना विचारावे. इथे घाई नको. धन्याचेच आडनाव पुढे चिकटलेले असू शकते, त्यामुळे आडनाव जुळले म्हणजे रक्त जुळले असे नाही. घरातली म्हातारी माणसे या विषयावर गप्प बसतात, तेही समजून घ्यावे.

सोलापूरचा किल्ला मे १८१८मध्ये इंग्रजांनी घेतला. त्याआधीच्या पेशवाईतल्या कागदांसाठी पुण्याचे पेशवे दप्तर गाठावे लागते. अक्कलकोट संस्थानातले गाव असेल, तर संस्थानचे दप्तर वेगळे. पुण्याला जाण्याआधी गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या रोजनिशा आणि गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ दरम्यान संपादलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड चाळावेत. शोध बाईच्या नावाने नव्हे, धन्याच्या किंवा किल्ल्याच्या नावाने घ्यावा.

सर्वांत मोलाची नोंद सुटकेची. म्हातारपणामुळे, पैसे भरल्यावर किंवा बदली कुणबीण दिल्यावर काहींना सोडले जाई. अशी नोंद हाती लागली, तर सोडवायला कोण आले ते नाव आधी टिपून ठेवावे. तो तिचा भाऊ असू शकतो, मुलगाही.