निर्धन रुग्ण निधी : पात्र कोण, सवलत किती?

रुग्णालयाच्या जमाखर्चात 'निर्धन रुग्ण निधी' हे खाते दरवर्षी दाखविलेले असते. या खात्यातून कोणाला व कोणत्या निकषावर साहाय्य मिळते, अशी विचारणा देणगीदार आणि रुग्णांचे नातेवाईक दोघेही करीत असतात. त्यासाठी हे टिपण.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना १ सप्टेंबर २००६ पासून अमलात आली. तीनुसार धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखावयाच्या असतात. इतर रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम या निधीत जमा होते. निर्धन रुग्णांवरील उपचारांसाठी मिळालेली देणगीही याच खात्यात येते.

उत्पन्नाच्या मर्यादा वेळोवेळी वाढविण्यात आल्या. आज वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत असणारा रुग्ण निर्धन, तर ३ लाख ६० हजारांपर्यंतचा दुर्बल घटकातील मानला जातो. तहसीलदारांच्या दाखल्यावर कुटुंबाचे एकत्रित उत्पन्न धरलेले असते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. समजा, मुलाची मजुरी दरमहा ९,००० आणि सुनेची घरकामाची मिळकत ५,००० रुपये आहे. वर्षाचे १ लाख ६८ हजार झाले. त्यात मुलीच्या शिवणकामाचे दरमहा १,५०० मिळविले की आकडा १ लाख ८६ हजारांवर जातो आणि तेच कुटुंब दुसऱ्या गटात पडते. कष्टाळू घराला हा निकष थोडा कठोरच वाटतो.

दोन गटांतील अंतरही मोठे आहे. निर्धन रुग्णाचे देयक निधीतून भागविले जाते. दुर्बल घटकातील रुग्णाला देयक सवलतीच्या दराने लागते. औषधे, उपभोग्य साहित्य व शरीरात बसवावयाची उपकरणे रुग्णालयाच्या खरेदी किमतीने धरून त्यांचा किमान निम्मा खर्च त्याने द्यावयाचा असतो. खाट, परिचर्या, निवासी डॉक्टरांची सेवा यांचा आकार मात्र दोघांनाही नाही.

पुराव्यादाखल तहसीलदारांचा दाखला अथवा शिधापत्रिका किंवा दारिद्र्यरेषेखालील कार्ड चालते. दाखल्याला काही दिवस लागतात; म्हणून शिधापत्रिका पहिल्याच दिवशी आणावी. दाखल्यात बहुधा सरलेल्या वर्षाचे उत्पन्न असते. कमावता माणूसच अंथरुणाला खिळला की ते उत्पन्न कागदावरच उरते. अशी परिस्थिती वैद्यकीय समाजसेवकांना अवश्य सांगावी. कुटुंबाची आर्थिक स्थिती पडताळण्याचे काम त्यांचेच आहे.

अपघात, हृदयविकाराचा झटका अशा तातडीच्या प्रसंगी कागदपत्रांवाचून उपचार अडत नाहीत. रुग्णाला त्वरित दाखल करून त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत आवश्यक उपचार द्यावयाचे असतात आणि निर्धन वा दुर्बल घटकातील रुग्णाकडून अनामत मागावयाची नसते.

पुष्कळ कुटुंबे संकोचामुळे गप्प राहतात, दागिने गहाण टाकतात आणि घरी सोडण्याच्या दिवशी, अंतिम देयक हाती पडल्यावर, सवलतीचा विषय काढतात. तोवर पडताळणीस अवधी उरत नाही; शिवाय भरलेली रक्कम परत मिळविणे जिकिरीचे होते. राखीव खाट आधीच भरलेली असल्यासही लवकर विचारणा केल्याने दुसऱ्या धर्मादाय रुग्णालयात सोय पाहता येते. यासाठी दाखल होतानाच समाजसेवा विभागात नाव नोंदवावे.