कांडीवालीचा ताण

इचलकरंजीच्या कापडाचा विषय निघाला की सगळे मागाकडं बोट दाखवतात. संपादकांनीही यंत्रमागावरच लिहायला सांगितलं होतं. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथं पहिला यंत्रमाग बसवला, जहागीरदार घोरपड्यांनी पाठबळ दिलं, आधी साड्या आणि पुढं धोतर, मलमल, पॉपलिन निघू लागलं. हा इतिहास गावात कुणीही सांगेल. माझा पाय अडला तो कांडी मशीनपाशी.

कांडी म्हणजे धोट्यात बसणारी, आडव्या सुताची नळी. ती भरायला बहुतेक बायकाच असतात. तिथल्या मावशींनी साडीवर पुरुषी शर्ट चढवला होता, केस रुमालात बांधले होते. उडणारं सूत नाहीतर केसांत बसतं. चात्या फिरत होत्या आणि त्या भरलेली कांडी काढून रिकामी खोवत होत्या, तुटलेलं टोक चिमटीत जोडत होत्या. सुताचा ताण त्यांना बोटांवर कळतो. कांडी सैल भरली तर धोटा धावताना वेढे घसरतात आणि गुंता होतो. फार ओढली तर सूत तुटतं. कसंही झालं तरी माग थांबतो.

"मागवाल्याला मीटरवर पैसं. माग थांबला की बोलणी आमास्नी," मावशी म्हणाल्या.

सतराव्या शतकातल्या स्पेनमध्ये चित्रकार वेलास्केसनं सूत कातणाऱ्या बायका रंगवल्या. त्या चित्रात पुढं राबणाऱ्या बायका आहेत, मागं उजेडात तयार पडदा न्याहाळणाऱ्या उंची पोशाखातल्या स्त्रिया. इचलकरंजीत मात्र कांडीवालीला पुढं कुणी आणलेलं नाही.

आता तर तिचं कामच जायला लागलंय. नव्या रेपियर मागाला सूत थेट कोनावरून मिळतं. धोटा नाही, म्हणून कांडीही नाही. कापड जास्त निघतं, खोट कमी. वीजदर आणि सुताच्या चढउतारानं पिचलेल्या कारखानदारानं तो घेतला तर त्याला दोष देता येत नाही. केंद्रानंही १९९९पासून तंत्रज्ञान सुधारणा निधी योजनेतून नव्या यंत्रांना हातभार लावला. पण माग बदलताना हिशेब यंत्राचा होतो, कांडीवालीचा नाही. नव्या शेडमध्ये कापड तपासायला, खोट हेरायला माणसं लागतातच. सुताची नस ओळखणाऱ्या या बायकांना ते काम शिकवणं अवघड नाही. नव्या मागासाठी काढलेल्या कर्जाच्या कागदांत यंत्राच्या किमतीखाली त्यांच्या प्रशिक्षणाची एक ओळ घालायला काय हरकत आहे?